खाचेची फळी

१

मालकीण बाजारातून परतली तेव्हा मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. तिने कोपराने ते ढकललं, हातातल्या दोन्ही पिशव्या आत ठेवायला वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

तळ्यावरून आलेलं माणूस मागच्या खोलीत बूट काढतं, हात धुतं आणि मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकतं. त्या खोलीत तिचा नवरा उताणा पडला होता. डोकं स्वयंपाकघराच्या दगडी पायरीला टेकलेलं, पायरीच्या कडेला रक्त, डोळे अर्धवट उघडे. पायांत नुसते मोजे. भिंतीशी त्याचे गमबूट शेजारी शेजारी उभे, वरपर्यंत चिखलाने माखलेले. आणि बुटांच्या पुढ्यात बूट काढायची फळी.

फळी साधीच होती. हातभर लांब, जाड, एका टोकाला बेचक्यासारखी खाच. त्या टोकाखाली लाकडाचा ठोकळा मारलेला, म्हणजे ते टोक जमिनीपासून जरा उचललेलं राहतं. एक पाय फळीच्या शेपटावर ठेवायचा, दुसऱ्या पायाची टाच खाचेत अडकवायची आणि पाय वर ओढायचा. बूट मागे राहतो, पाय बाहेर येतो. वाकायला नको, चिखलात हात घालायला नको.

मालकिणीने नवऱ्याकडे पाहिलं. फळीकडे पाहिलं. मग मान वळवून दाराबाहेर रस्त्याकडे पाहिलं.

त्यानंतर ती ओरडली.

२

इन्स्पेक्टरबाई बोलायला कमी आणि बघायला जास्त. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. उजवा गुडघा त्याआधीच निवृत्त झाला होता, त्यामुळे खाली वाकून काही बघायचं असलं की त्या हवालदाराचा खांदा धरत.

"सरळ आहे, बाई," हवालदार म्हणाला. "चिखलातून आला, बूट काढले, ओल्या फरशीवर मोज्यांनी घसरला. आमच्या मामांचं असंच झालं होतं."

"मामा वाचले?"

"वाचले. तेव्हापासून येईल त्याला तेच सांगत बसतात."

डॉक्टर हात पुसत उठले. "मार एकच आहे, डोक्याच्या मागे. कसली तरी कड लागली आहे. पायरीची असेल."

"असेल?"

"कड ती कड. दगडाची की लोखंडाची ते जखम नीट तपासल्यावर सांगतो."

इन्स्पेक्टरबाईंनी हवालदाराचा खांदा धरला आणि मयताच्या पायांशी हळूहळू खाली बसल्या. मोजे राखाडी, जाड, लोकरीचे. त्यांनी एक तळवा बघितला, मग दुसरा. 

मृतदेह नेला, फोटो काढून झाले, ठसे घेऊन झाले. बूट, फळी, सगळ्यावर रबरी हातमोज्यांचे सारवल्यासारखे फराटे. आणि तळ्यावर हातमोजे तर सगळेच घालतात. माणसं बाहेर गेल्यावर बाईंनी कोपऱ्यातला गमबुटांचा दुसरा जोड ओढला. तो लहान होता, बायकी मापाचा. आपल्या चपला काढून, पांढरे मोजे तसेच ठेवून त्यांनी ते बूट चढवले, बाहेर गेल्या आणि तळ्याच्या काठच्या चिखलात चांगल्या पाय आपटून आल्या.

"बाई, हे काय?"

"शेपटावर पाय ठेवते, बघ." त्यांनी डावा पाय फळीच्या शेपटावर ठेवला, उजवी टाच खाचेत घातली. टाच अगदी चपखल बसली. ओढताच पाय सुळकन बाहेर आला. "एक झाला. आता दुसरा कसा काढू?"

"तसाच."

"म्हणजे उजवा पाय शेपटावर ठेवून. पण शेपटावर आत्ताच माझा चिखलाचा बूट होता." त्यांनी मोज्याचा पाय फळीवर ठेवला, डावा बूट काढला आणि मग उजवा तळवा हवालदाराला दाखवला. पांढऱ्या मोज्याचा तळवा काळाकुट्ट झाला होता. "कसंही कर, एक मोजा भरतोच. फडकं टाकलं तर गोष्ट वेगळी. पण इथे फडकं नव्हतं, आणि आपण आलो तेव्हा शेपटावर चिखल होता."

हवालदाराचा चेहरा उतरला. "आणि मालकाचे मोजे..."

"दोन्ही स्वच्छ. जसे घातले तसे. त्याने हे बूट काढले नाहीत. कोणीतरी ते त्याच्या पायातून काढले, आणि त्या वेळी तो उभा नव्हता."

३

मेलेल्या माणसाचे बूट कोण काढतं? तो स्वतःच्या पायांनी घरी आला, असं ज्याला दाखवायचं असतं तो. म्हणजे मालक पडला दुसरीकडेच.

घराच्या मागे माशांची तळी होती, एकापुढे एक, मधून मातीचे बांध. सगळ्यांत शेवटचं तळं लव्हाळ्यांच्या आड. पाणी सोडायची झडप तिथेच, वर गंजलेलं लोखंडी चाक. त्या दिवशी पहिल्या तळ्यात जाळं टाकलं होतं आणि सगळी माणसं तिथे गुंतली होती.

मालकीण स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. बाजारातल्या पिशव्या अजून दारातच होत्या.

"मालक बूट कसे काढायचे?" बाईंनी विचारलं.

"फळीवर." उत्तर प्रश्न संपायच्या आत आलं. "रोज फळीवरच काढायचे. आजही तसेच काढले असतील आणि घसरले असतील."

"फळी रोज तिथेच असते?"

"तिथेच असते."

"तुम्ही आलात तेव्हा रस्त्यावर कोणी होतं?"

"नाही. कुत्रंसुद्धा नव्हतं."

बाईंनी पुढे काही विचारलं नाही. माणूस विचारल्यापेक्षा जास्त सांगतं तेव्हा गप्प बसावं, हा त्यांचा जुना नियम.

मालकाचा धाकटा भाऊ बांधावर जाळी झटकत उभा होता. पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा, आवाजाने मऊ. तो तळ्यांच्या पलीकडे एका खोलीत एकटाच राहायचा. थोरल्याने त्याला आयुष्यभर 'अरे' सोडून दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती, असं माणसं सांगत.

"सकाळी आम्ही दोघं झडपेशी होतो," तो म्हणाला. "मग दादा लव्हाळ्यांमागच्या वाटेने घरी गेला. मी जाळ्यावर आलो. त्यानंतर मी इथून हललो नाही, कोणालाही विचारा."

"भांडण?"

"दादाशी भांडायला तोंड लागतं, मॅडम. ते मला नाही." तो किंचित हसला. "काम भरपूर होतं. आज जाळं, म्हणून कालपासून खाद्य बंद. पोट भरलेला मासा वाहतुकीत मरतो."

"दादा बूट कसे काढायचे?"

"फळीवर. मीही तसेच काढतो. त्या चिखलातून दुसरं कसं काढणार?"

तिसरी चौकशी एका जाळेवाल्याची. उंचीमुळे सगळे त्याला लांबू म्हणायचे. त्याच्या गालावर बोटं उमटली होती.

"मालकांनी मारलं," तो सरळ म्हणाला. "जाळं फाटलं म्हणून. सगळ्यांसमोर. म्हणाले, चालता हो. पण जाळं माझं स्वतःचं होतं, ते सुटेपर्यंत जाऊ कसा? बसलो तिकडे बांधावर. आमचा तमाशा बघायला सगळेच होते, फक्त धाकटे मालक तेवढे नव्हते. मालक तिथून झडपेकडे गेले. धाकटे नंतर आले, खाद्याची गाडी घराकडे ढकलत. ती ठेवून मग जाळ्याला हात लावला. भला माणूस आहे तो. त्यांनीच मला पाणी दिलं."

"घराच्या आत कधी गेला आहात?"

"आम्हाला आत कोण घेतंय? आम्ही आपली टाच दुसऱ्या बुटाने दाबतो आणि काढतो, ओट्यावर बसून."

बाई उठल्या. लांबू घुटमळला.

"आणखी काय?"

"सांगू की नको... मालकांचा मुलगा आला होता. स्कूटरवर. पुढच्या फाटकाशी थांबलेला बघितला मी. बापाने हाकलल्यापासून तो इकडे फिरकला नव्हता. आजच आला."

४

मुलगा गावात सुतारकाम करायचा. दुकानात भुशाचा ढीग, भिंतीला टेकून अर्धवट दारं. पोलीस बघून त्याने रंधा बाजूला ठेवला.

"तो गेला याचं मला दुःख नाही," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू?"

"सकाळी कशाला गेला होतास?"

"आईला भेटायला. तो तळ्यावर असतो त्या वेळेला. दार वाजवलं, कोणी उघडलं नाही. आलो परत."

"मागच्या दाराने गेला नाहीस?"

"नाही."

"आईला काय सांगायचं होतं?"

तो खाली बघत राहिला. "ते आईला सांगेन."

हवालदाराला एवढं पुरेसं होतं. बापाशी उभा दावा, त्याच सकाळी घराशी हजर, साक्षीदार कोणी नाही. मुलाला ठाण्यावर आणून बसवलं. बाईंनी नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डॉक्टरांना फोन लावला आणि ऐकता ऐकता त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"जखमेत गंज आहे," डॉक्टर म्हणाले. "पायरीला गंज चढत नाही. शर्टाच्या पाठीला माशांच्या खाद्याची पूड आहे, फक्त पाठीला. आणि बाई, तो लगेच मेला नाही. मार लागल्यावर तासभर तरी जिवंत असणार. वेळेवर आणला असता तर... सांगता येत नाही, पण वाचला असता."

बाईंनी फोन ठेवला. एवढ्यात दारात मालकीण उभी राहिली. पायात घरातल्याच चपला, पदर कसाबसा घेतलेला. एवढं अंतर ती चालत आली होती.

"माझ्या मुलाला सोडा," ती म्हणाली. "मी मारलं त्याला."

५

बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं.

"कसं मारलंत?"

"ढकललं. पायरीवर पडला."

"कोणत्या पायरीवर?"

"मागच्या खोलीतल्या."

"आणि बूट?"

"बूट त्याने आधीच काढले होते. फळीवर."

बाईंनी हवालदाराला खूण केली. त्याने मयताचे गमबूट आणि ती फळी आणून जमिनीवर ठेवली. बाईंनी उजवा बूट मालकिणीच्या हातात दिला.

"याची टाच खाचेत घालून दाखवा."

मालकिणीने बूट खाचेवर धरला. टाच खाचेच्या दोन्ही कडांवर अडली. तिने दाबलं, तिरका करून पाहिला, पुन्हा दाबलं. बूट वरच राहिला. रुंद टाचेचा, मोठ्या मापाचा बूट. खाच त्याच्या निम्मी.

"जात नाही," बाई म्हणाल्या. "मीही करून बघितलं. तुमचा बूट मात्र लोण्यात सुरी जावी तसा जातो. मी काल तोच घातला होता. ही फळी त्यांच्या पायाची नाही, तुमच्या पायाची आहे. त्यांनी ती एकदाही वापरली नसणार, रोजची गोष्ट तर सोडाच. मग ते बूट कसे काढायचे?"

मालकिणीने बूट मांडीवर ठेवला. त्याचा वाळलेला चिखल तिच्या साडीवर गळत होता.

"मी काढायची," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"लग्न झालं तेव्हापासून. ते खुर्चीत बसायचे, पाय पुढे करायचे. मी खाली बसून ओढायची. एखादे दिवशी बूट अडकला की दुसऱ्या पायाने माझ्या खांद्याला रेटा द्यायचे. गंमत म्हणून." ती थांबली. "मुलगा लहानपणापासून बघायचा. सुतारकाम शिकला तेव्हा पहिल्यांदा काय केलं तर ही फळी. माझ्या बुटाचं माप घेऊन. मला म्हणाला, बाबांनाही एक करतो. हे म्हणाले, फळी आणली तर हिला कशाला ठेवू? त्यावरून बापलेकांत जुंपली आणि पोरगा घराबाहेर गेला."

"ही कुठे असायची?"

"पाण्याच्या पिंपामागे, आडवी घालून. यांना दिसली की लाथ मारायचे. मी माझे बूट काढले की परत आत सरकवायची."

"मग काल ती बुटांपुढे कशी आली?"

मालकीण साडीवरचा चिखल झटकू लागली.

"तुम्ही दार उघडलंत आणि बघताक्षणी कळलं, हे कोणीतरी मांडलेलं आहे. कारण तुम्ही घरी नव्हतात, आणि तुमच्याशिवाय ते बूट निघत नाहीत. मग तुम्ही रस्त्याकडे बघितलंत. रस्त्यावर काय होतं?"

तिने डोळे मिटले. "मी येत होते तेव्हा स्कूटर जाताना दिसली."

"म्हणून मला सांगितलंत, कुत्रंसुद्धा नव्हतं. फळी रोजचीच, हेही त्यासाठीच."

"आई आहे मी."

"आई आहात, पण घाबरलात आणि विचार करायचा राहिला." बाईंचा आवाज तसा कठोर नव्हता. "ही फळी कोणासाठी केली, हे जगात सगळ्यांत जास्त कोणाला ठाऊक? करणाऱ्याला. ज्याने तुमच्या बुटाचं माप घेतलं, ज्या फळीपायी त्याला घर सोडावं लागलं, तो बापाचे बूट तिच्यापुढे मांडून ठेवेल? मांडले असते तर खुर्चीपुढे. तुमच्या मुलाने हे केलेलं नाही. हे एकट्या त्या फळीवरून मी सांगू शकते."

 मालकिणीने बूट मांडीवरून खाली ठेवला, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"आता मला एवढंच सांगा," बाई म्हणाल्या. "घरात अशी फळी आहे, हे आणखी कोणाला माहीत होतं?"

६

धाकट्याच्या खोलीच्या दारातच ती होती. तीच जाड फळी, तसाच ठोकळा. खाच मात्र रुंद, रांगड्या बुटाची. बाईंनी ती पायाने जरा सरकवली आणि दारातच उभ्या राहिल्या. आत चहाचं भांडं स्टोव्हवर होतं. खाटेवर नवीन चादर, अजून घडीच्या रेघा असलेली.

"ही पुतण्याने करून दिली?"

"हो," धाकटा म्हणाला. "म्हणाला, घरी एक केली आहे, तुलाही तशीच करतो, काका."

"घरी कोणासाठी केली, ते नाही म्हणाला?"

"नाही. दादासाठीच असणार. का?"

"तुमच्या वहिनीसाठी केली होती. दादाची टाच त्यात जात नाही."

धाकट्याने चहाखालचा स्टोव्ह बंद केला. 

"फळी पिंपामागे होती," बाई सांगत राहिल्या. "समोर नव्हती. जो घरात कधी शिरला नाही त्याला ती सापडली नसती. तुमच्या वहिनीला आणि पुतण्याला ती सापडली असती, पण त्यांनी ती काढली नसती. घरात फळी आहे एवढंच ज्याला ठाऊक, कोणाची आहे ते ज्याला ठाऊक नाही, असा माणूस एकच. तुम्ही स्वतः रोज तिच्यावर बूट काढता, म्हणून वाटलं सगळेच काढतात. तुम्ही खाचेला चिखल फासलात, शेपटावरही फासलात. एकदा बूट त्यात घालून बघायला हवा होता."

"मी जाळ्यावर होतो."

"नंतर. त्याआधी खाद्याची गाडी घराकडे ढकलत आलात, लांबूने बघितलं. मला काल कोण म्हणालं, जाळ्याच्या दिवशी खाद्य बंद असतं म्हणून? गाडीत खाद्य नव्हतं. रिकाम्या पोत्यांखाली तुमचा भाऊ होता. त्याच्या शर्टाच्या पाठीला गाडीच्या तळाची पूड आहे, जखमेत झडपेच्या चाकाचा गंज आहे."

धाकटा खाटेच्या कडेवर बसला, नव्या चादरीवर. बराच वेळ तो चादरीची घडीची रेघ अंगठ्याने सपाट करत होता.

"मी लग्न करणार होतो," तो म्हणाला. "या वयात. बाजाराच्या रस्त्याला एक शिवणकाम करणारी आहे. नवरा वारलेला. ती हो म्हणाली होती. दादाला सांगितलं झडपेशी. एवढीच परवानगी मागितली की तिला इथे आणू. तो हसला. त्या बाईविषयी जे बोलला ते मी परत बोलणार नाही. म्हणाला, ती आली तर दोघंही रस्त्यावर. ही तळी मी या हातांनी खणली आहेत, मॅडम. तो काठावर उभा असायचा."

"ढकललंत."

"ढकललं. मागे चाक होतं. मेला असं वाटलं. शपथेवर सांगतो, मेला असंच वाटलं. आम्ही दोघंच तिथे होतो हे सगळ्यांना माहीत. म्हटलं, घरी पडलेला सापडला तर मी कुठे आणि तो कुठे. वहिनी बाजारात गेलेली मी बघितली होती."

"डॉक्टर म्हणतात तो तासभर जिवंत होता."

धाकट्याने मान वर केली नाही.

"तुम्हाला कधी कळलं?"

बाहेर कोणीतरी बांधावरून हाक मारत गेलं. हवालदार दारात उभ्या उभ्या पायावरचा भार बदलत होता.

"दुसरा बूट काढताना," धाकटा म्हणाला. "त्याने पाय आखडला. मग घशातून आवाज काढला. मला वाटतं 'अरे' म्हणाला."

"मग?"

"मग मी बूट पहिल्याच्या शेजारी ठेवला, आणि दार लोटून जाळ्यावर गेलो."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मुलाला स्वतःच्या गाडीतून घरी आणून सोडलं. मालकीण मागच्या दाराशी उभी होती. मुलगा तिच्यासमोर जाऊन थांबला, जवळ गेला नाही.

"तू ठाण्यावर सांगितलंस की तू मारलंस."

"हो."

"म्हणजे तुला वाटलं मी मारलं."

"स्कूटर बघितली होती मी तुझी." तिने ओठ चावला. "वाटलं. खरं सांगते, राग नाही आला. माझ्यासाठी केलंस असं वाटलं, आणि क्षणभर बरं वाटलं. त्याची लाज मला मरेपर्यंत पुरेल."

मुलाने तोंड फिरवलं. "खोली बघितली होती तुझ्यासाठी," तो तळ्यांकडे बघत म्हणाला. "दुकानाच्या वरची. खिडकी आहे. तेवढंच सांगायला आलो होतो त्या दिवशी."

तिने हात पुढे केला, तो मध्येच राहिला. कारण बांधावरून लांबू पळत येत होता.

"मालकीणबाई, मधल्या तळ्यातले मासे वर आले आहेत. हवेचा पंप बंद आहे कालपासून. धाकटे मालकच लावायचे रोज. आम्हाला कोणाला हात लावू देत नव्हते."

सगळे तिकडे धावले. पाण्यावर शेकडो तोंडं उघडमीट करत होती, काठाशी पांढरी पोटं तरंगत होती. लांबूने पंपाचा खटका ओढला, तो लागला नाही. मुलाने झाकण उघडून तार शोधली, हात भाजून घेतला, पुन्हा ओढला. तिसऱ्या खेपेला पंप खोकला आणि सुरू झाला. तोवर अर्धं तळं गेलं होतं.

दुपारपर्यंत माणसं मेलेले मासे पाट्या भरभरून बांधाबाहेर टाकत होती. वास सुटायला लागला होता. इन्स्पेक्टरबाई जबाबावर मालकिणीची सही घ्यायला थांबल्या होत्या. तिने सही केली, पेन परत दिलं आणि मुलाजवळ गेली.

"खोली अजून आहे?"

"आहे."

"मी येईन. पण आज नाही. आज हे सगळे पुरायला हवेत."

  मुलाने लांबूच्या हातातलं फावडं घेतलं आणि खणायला लागला. त्या दिवशी तो आईशी आणखी एक शब्दही बोलला नाही. खड्डा मात्र त्याने खोल खणला.